'नाही'चा रकाना

३ जून १९५७, सोमवार

आगरदांड्यात तापाची साथ. दवाखाना उघडायच्या आधीच ओटीवर वीसेक माणसं. सगळ्यांना एकच मिक्श्चर, सगळ्यांना एकच उपदेश. अकराच्या सुमारास दिघीहून होडी लागली आणि धर्मी आली. कोळीण, पंचेचाळिशीची. बरोबर नवरा, नारायण नाखवा. तिने पदर गालाशी घट्ट धरलेला. तो सोडवला तेव्हा बाकावरची माणसं लांब सरकली. गालाला आरपार भोक.

किती दिवस झाले, विचारलं. नाखवा म्हणाला, "शिमग्यापासनं. आमाला वाटला दात दुखतोय."

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलला चिठ्ठी लिहून दिली. पुढे काय होणार ते मला माहीत आहे, त्यालाही कळलं असावं. तीन वर्षांत अशा किती चिठ्ठ्या लिहिल्या असतील. चिठ्ठी घेऊन जातात, चिठ्ठी घेऊन परत येतात, मग एक दिवस येत नाहीत. मी डॉक्टर कसला, टपालपेटी आहे.

वहीत नोंद: धर्मी नारायण, दिघी. डावा गाल. पान नाही. विडी नाही. तंबाखू नाही.

५ जून

वसंताचं पाकीट. कॉलेजातला वर्गमित्र, आता मुं.त पॅथॉलॉजिस्ट. आत वर्तमानपत्राचं कात्रण. एका ट्रस्टने अभ्यासवृत्ती काढली आहे, प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांनी दवाखाना सोडून कॅन्सरच्या संशोधनात यावं म्हणून. दोन वर्षं दरमहा पैसे, प्रयोगशाळेत शिक्षण, विषय आपला. अट: स्वतःची काही निरीक्षणं हवीत, आणि वर्षअखेर चाळिशी ओलांडलेली नको.

मला चाळीस पूर्ण होतात ९ जानेवारीला. म्हणजे हे एकच वर्ष. पुढच्या खेपेला मी बाद.

कात्रणाच्या कडेला वसंताने लिहिलंय, "ती तुझी वही बाहेर काढ, नाहीतर वाळवीला घाल."

दिवसभर कात्रण खिशात. तीनदा वाचलं. अर्ज करणार.

७ जून

इंदूला सांगितलं. भाकरी थापत होती. म्हणाली, "हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायचं वय आहे का तुमचं?" मी म्हटलं, वय नाही म्हणूनच घाई. त्यावर तिने भाकरी उलटली. जेवण वाढताना मात्र, "मुंबईत शालूला शाळा चांगली मिळेल म्हणतात."

म्हणजे निम्मं काम झालं.

१६ जून, रविवार

अर्जाबरोबर चार पानी टिपण द्यायचं आहे. वही पुढ्यात घेऊन बसलो. तीन वर्षांपासून, पेशंट कशासाठीही येवो, ताप असो की खरूज, मी तोंड उघडायला लावतो. नाव, गाव, वय, तोंडात काय दिसलं, काय खातो, पान-विडी-तंबाखू.

पुरुषांचं सोपं आहे. चुना लावून तंबाखू दाढेत धरतात, जिथे धरतात तिथेच बिघडतं. कोड्यात टाकतात त्या बायका. तंबाखूच्या रकान्यात ओळीने 'नाही', आणि कॅन्सरच्या आधी दिसणारे पांढरे चट्टे मात्र आहेत. काहींचं धर्मीसारखं.

मग दुसरं काय? आज सुचलं. सुकी मासळी. पावसाचे चार महिने सुकट, बोंबील, खारं. तिन्ही त्रिकाळ मीठ आणि मिरची. पुरुष जेवायला बसतात तेव्हा कालवण वरचं घेतात, बायकांच्या वाट्याला तळातलं खारट. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, माझं स्वतःचं आहे. फार आनंद झाला. बऱ्याच दिवसांनी डोकं वापरल्यासारखं वाटलं.

इंदूला वाचून दाखवलं. "सुकटीनं कॅन्सर होत असता तर कोकण कधीच ओस पडलं असतं." तिला शास्त्र कळत नाही असं म्हणालो. संध्याकाळपर्यंत अबोला.

२४ जून

साथ ओसरली. आज जनाबाईचं कौतुक लिहून ठेवतो, तोंडावर करायची सोय नाही. इथल्याच कोळीवाड्यातली, विधवा, पन्नाशीची. सात वर्षं माझ्या दवाखान्यात आहे. सुया उकळते, जखमा धुते, पोरांना दाबून धरते. तोंड तपासताना टॉर्च तीच धरते, आणि मी मान वळवायच्या आधी उजेड नेमका तिथे पडलेला असतो. वहीतलं एकूणएक तोंड तिच्या उजेडात पाहिलेलं.

प्रत्येकाला मी एकच वाक्य सांगतो: पांढरा, खरखरीत, बोटानं पुसला तरी जात नाही असा चट्टा दिसला तर दुखायची वाट बघू नका. आज मी तोंड उघडायच्या आतच तिने एका म्हातारीला ते आपल्या भाषेत सांगून टाकलं. "दुखंल तवा उशीर झाला असंल, म्हातारे." माझ्यापेक्षा बरं सांगते.

८ जुलै

अर्ज रजिस्टर करून पाठवला. पोस्टमास्तर म्हणाले, "डॉक्टर, दावा लावलात की काय कोणावर?" हो म्हटलं.

२२ जुलै

धर्मी गेली. दिघीहून येणाऱ्या माणसाने सांगितलं, औषध मागता मागता, सहज. वहीत तिच्या नावापुढे तारीख घातली.

३० जुलै

ट्रस्टचं पत्र. १२ सप्टेंबरला कमिटीपुढे हजर राहायचं. खाली सेक्रेटरींनी हाताने लिहिलेली ओळ: 'सुक्या मासळीसंबंधी आपले निरीक्षण सभासदांना विशेष लक्षवेधी वाटले.' ती ओळ इंदूला दोनदा वाचून दाखवली. दुसऱ्यांदा म्हणाली, "कळलं." मी घरभर हिंडत होतो. शालू म्हणाली, बाबा शिट्टी वाजवतायत.

५ ऑगस्ट, सोमवार

आज जे झालं ते नीट लिहितो.

एका इंजेक्शनसाठी सकाळी लवकर दवाखान्यात गेलो. मागच्या पडवीतून धूर. घशाला झोंबणारा, खाट सुटला. सुया उकळायच्या स्टोव्हवर जनाबाईने जुना तवा ठेवलेला आणि त्यावर काहीतरी काळं होईस्तोवर भाजत होती. संतापलो. हे काय चाललंय, या स्टोव्हवर?

"घरची लाकडं ओली हायत, डाक्तर. एवढी मशेरी भाजून घेते न् स्टोव्ह घासून ठेवते."

"मशेरी कशाची?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "कशाची म्हंजे? तंबाखूची."

"मग तुम्ही तंबाखू खाता?"

"मी कशाला तंबाखू खातंय? दात घासायची ती."

तव्याजवळच्या पाटावर बसलो. मग एकेक विचारलं. सकाळी बोटावर घेऊन दातांना लावायची, हिरड्यांना चोळायची. मग ओठाच्या आत थोडी राहू द्यायची. दुपारी परत. काम करून थकवा आला की परत. आणि कोण कोण लावतं? "समद्याच. कोळणी, आगरणी, कुणब्याच्या. मुसलमानांच्याबी. तुमी कंदी इचारलंत न्हाय."

मी विचारलं होतं. तीन वर्षं विचारत होतो, तंबाखू खाता का. बायका म्हणायच्या न्हाय, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. दात घासायची वस्तू कोणी तंबाखूत धरतं का?

सुकी मासळी. लक्षवेधी.

६ ऑगस्ट

माझी आई मशेरी लावायची. हे आज पहाटे अंथरुणात आठवलं, त्या वासावरून. पितळेची डबी, चुलीमागच्या फळीवर. मी लहान असताना तिच्या बोटाला लागलेली काळी भुकटी पुसायचो. एवढं मला ठाऊक होतं. आणि वहीत पानामागून पान 'नाही' लिहीत गेलो. लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

दवाखान्यात तीन पेशंट बघितले आणि घरी आलो.

७ ऑगस्ट

इंदूला सांगितलं. हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "काखेत कळसा नि गावाला वळसा." पण हळू म्हणाली.

मग खरा प्रश्न तिनेच विचारला. "आता कमिटीला काय सांगणार?"

मूग गिळून बसावं, हे माझ्या मनात आलं होतं. ते इथे लिहून ठेवतो, नाहीतर पुढे मी फार थोर होतो असं मलाच वाटायला लागेल. त्यांना मासळी आवडली आहे. मासळी सांगावी, जागा मिळवावी, मग प्रयोगशाळेत बसून सावकाश दुरुस्त करावं.

इंदू म्हणाली, "खोट्यावर गेलात तर दोन वर्षं तिथं खोटंच करत बसाल. तुमचा स्वभाव मला माहीत आहे, जेवणही जाणार नाही." वर म्हणाली, "आणि खरं सांगून घालवलीत तर निदान घरी चिडचिड करू नका."

पुन्हा विचारायचं. वहीतल्या प्रत्येक बाईला, घरी जाऊन. पाच आठवडे आहेत.

९ ऑगस्ट

सुरुवात. दुपारी दोन ते सहा दवाखाना बंद. छत्री, वही, टॉर्च, जनाबाई. प्रश्न बदलला. तंबाखू हा शब्दच काढायचा नाही. आधी विचारायचं, दात कशानं घासता. मग, डबी दाखवा.

आज सहा घरं. सहा डब्या. एक पावडरची, एक बामची, एक चांदीची, लग्नात माहेराहून आलेली. त्या बाईने अभिमानाने झाकण उघडून दाखवलं. आम्ही त्यांच्याकडे हे बघायला आलोय, याचंच त्यांना हसू.

१४ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा झाली, होड्या बाहेर पडल्या. कोळीवाड्यात पुरुष नाहीत, बायकांना मात्र क्षणाची फुरसत नाही. जाळी विणता विणता उत्तरं. एकजण म्हणाली, "सकाळी येकदा, दुपारी येकदा, न् सासू बोलली की येकदा." सगळा घोळका हसला. मी विचारलं, सासू दिवसातून किती वेळा बोलते? तीही नोंद वहीत आहे.

एक गोष्ट लक्षात यायला लागलीय. मशेरी कुठे धरता ते बोट ठेवून दाखवा म्हटलं, की बोट जिथे थांबतं तिथे टॉर्च जातो, आणि चट्टा असलाच तर बहुतेक तिथेच असतो. जनाबाई आता बोटाच्या आधीच उजेड टाकते.

१८ ऑगस्ट

मुसलमान मोहल्ल्यात. पडद्यामागून उत्तरं. घरचे मालक बाहेर खुर्चीवर, माझ्यासाठी सरबत. ते ठासून म्हणाले, "आमच्या जनान्यात तंबाखूचं नाव नाही, डॉक्टरसाहेब." तेवढ्यात पडद्याखालून हात आला आणि त्याने डबी जनाबाईपुढे सरकवली. मालकांनी सरबताचा पेला तोंडाला लावला आणि बराच वेळ काढला नाही.

पायात चिखल्या झाल्यात. इंदूने तेल-हळद लावून दिली. दवाखाना दुपारचा बंद असतो म्हणून गावात कुरकुर आहे. असू दे.

२५ ऑगस्ट, रविवार

दिघी. होडीतून जाताना पाणी खवळलेलं, जनाबाई मला धरून होती. एरवी उलट असायला हवं.

सगळी घरं झाली, नारायण नाखव्याचं राहिलं. जाऊ नये असं वाटलं. पण वहीत धर्मीच्या नावापुढे अजून 'नाही' आहे, आणि ते खरं की खोटं हे मला माहीत नाही. गेलो.

नाखवा ओटीवर बसलेला. मी विचारलं, ती दात कशानं घासायची?

त्याने आधी ऐकूनच घेतलं नाही. मग उठून उभा राहिला. "ती कंदी तंबाखूला शिवली न्हाय. तुमीच लिवलंत ना? मेली ती मेली, आता तिला नाव ठेवाया आलात काय?"

मी म्हटलं, नाव ठेवायला नाही आलो. चूक माझी आहे. मी चुकीचं विचारलं आणि चुकीचं लिहिलं. ते खोडायचंय. तुम्ही नाही म्हणालात तर नाही लिहीन.

जनाबाई खाली बसली होती, जमिनीकडे बघत. मग तो आत गेला. कोनाड्यातली डबी आणून माझ्यापुढे ठेवली. पत्र्याची, झाकणावर मोर. अर्धी भरलेली होती.

"तिची हाय. टाकाया जमत न्हाय."

मी डबीला हात लावला नाही. तिथेच बसून वहीत दुरुस्ती केली. त्याला वाचून दाखवली. त्याने मान हलवली आणि डबी परत आत नेऊन ठेवली.

परतीच्या होडीत मला रडू आलं. जनाबाईने तोंड दुसरीकडे फिरवलं.

५ सप्टेंबर

सगळ्या झाल्या. दोघी माहेरी, एक गाव सोडून गेलेली, बाकी सगळ्या. 'नाही'चा रकाना लाल शाईने भरून गेलाय. ज्यांना चट्टा आहे त्यांत मशेरी न लावणारी शोधून काढावी लागते. पण मशेरी लावणाऱ्या कितीतरी जणींचं तोंड साफ आहे, हेही खरं. मग हिला का आणि तिला का नाही? किती वर्षं, किती वेळा, भाजल्यावर त्यात काय होतं, काहीच माहीत नाही. हा माझा प्रश्न आहे. मासळीपेक्षा पुष्कळ चांगला प्रश्न आहे, आणि तो दवाखान्यात बसून सुटणार नाही. आता ती जागा मला खरोखर हवी आहे. जूनमध्ये हवी होती त्यापेक्षा जास्त.

वही मिटताना जनाबाईला सहज म्हटलं, तुमचंच राहिलं की. ती म्हणाली, "माझा कशाला? मी दवाखान्याची." आणि बादली घेऊन मागे गेली.

१३ सप्टेंबर, मुं.

काल कमिटी. आगरदांड्याहून एस.टी., रेवदंड्याला खाडी ओलांडायला होडी, पुन्हा एस.टी., रेवसहून लाँच. कोट चुरगळला होता. वसंताने आपला दिला, बाह्या आखूड.

पाच जण. मधले अध्यक्ष वयस्क, कानाला हात लावून ऐकणारे. पहिलाच प्रश्न मासळीचा. मी म्हटलं, ते टिपण चुकीचं आहे, मी मागे घेतो. आणि का ते सांगितलं. स्टोव्ह, तवा, सगळं.

कडेचे एक तरुण गृहस्थ, परदेशातून शिकून आलेले. म्हणाले, "तीन वर्षं तुम्हाला हे कळलं नाही?"

"नाही."

"तुम्ही त्याच भागातले ना?"

"हो. म्हणूनच कळलं नाही."

अध्यक्षांनी विचारलं, मग तुमच्या अर्जात आता उरलं काय? मी लाल शाईची वही पुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून पानं उलटली. एका जागी थांबले. "हे 'सासू, दिवसातून चार वेळा' काय आहे?" सांगितलं. कोणीतरी हसलं. ते हसले नाहीत, पुढची पानं बघत राहिले. मग, ठीक आहे, कळवू.

काय झालं ते कळत नाही. वसंता म्हणतो, बरं झालं. वसंता नेहमीच बरं झालं म्हणतो.

२० ऑक्टोबर

दिवाळी तोंडावर. पत्र नाही. पोस्टाच्या वाटेने रोज एकदा जातो, काहीतरी निमित्त काढून. पोस्टमास्तर आता लांबूनच मान हलवतात. गाढवही गेलं नि ब्रह्मचर्यही, असं होणार बहुतेक. चिडचिड करत नाही. इंदू म्हणते करतो.

तोंडं तपासणं चालू आहे. पत्र येवो न येवो, प्रश्न आता बरोबर विचारला जातोय.

४ नोव्हेंबर, सोमवार

आलं.

दोन नाही, एक वर्ष. वर्षअखेर काम बघून पुढचं ठरवणार. विषय: मशेरी. १ जानेवारीला हजर व्हायचं. दवाखान्याची व्यवस्था आपली आपण करायची. मान्य असल्यास ५ डिसेंबरच्या आत लेखी कळवायचं.

म्हणजे एका वर्षात काही करून दाखवलं नाही तर चाळिशी ओलांडून परत यायचं, आणि इथले पेशंट तोवर दुसरीकडे गेलेले. इंदूने पत्र वाचलं. "एक तर एक," म्हणाली आणि शालूची जुनी पुस्तकं वेगळी काढायला लागली. माझी बायको मला नेहमी उशिरा कळते.

१० नोव्हेंबर

माणगावला जाऊन आलो. तिथला एक तरुण डॉक्टर सोमवारी नि गुरुवारी आगरदांड्याला यायला तयार आहे. बाकीचे दिवस जनाबाई दवाखाना उघडा ठेवील, मलमपट्टी करील, नड असेल त्याला मुरूडला पाठवील. तिला सांगितलं तेव्हा नुसतं "व्हय" म्हणाली. एरवी दहा प्रश्न विचारते.

गावात बातमी पसरली. "आमाला सोडून चाललात, डाक्तर?" तुमच्यासाठीच चाललोय म्हणणं पुढाऱ्यांना शोभतं.

१८ नोव्हेंबर, सोमवार

शेवटचा पेशंट गेला. मी हात धूत होतो. मागे वळलो तर जनाबाई पेशंटच्या खुर्चीत बसलेली. टॉर्च माझ्याकडे धरून. उलटा, मुठीकडून.

"आता तुमी धरा."

खालच्या ओठाच्या आत, उजवीकडे. पांढरा. खरखरीत. बोटाने पुसला तरी गेला नाही. आणि एका कडेला थोडा जाड, लालसर. तो भाग मला आवडला नाही.

कधीपासून?

"मना काय म्हाईत. जिभेला लागतोय. तुमी समद्यांना सांगत व्हतात, पांढरा, खरखरीत. मी रोज आयकत व्हते."

मग आधी का नाही सांगितलंत?

"टार्च कोणी धरला असता?"

मी चिडलो. फार चिडलो. तिच्यावर नाही. सात वर्षं ते तोंड माझ्यापासून हातभर अंतरावर होतं.

१९ नोव्हेंबर

जागा बधिर करायला नोव्होकेन देऊन डाळीच्या दाण्याएवढा तुकडा काढला. टॉर्च इंदूने धरला. जनाबाईनेच तिचं मनगट धरून उजेड नेमका जागेवर आणला. फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून, वर मेण लावून, ओळखीच्या माणसाबरोबर वसंताकडे रवाना.

२४ नोव्हेंबर, रविवार

इंदूला म्हणालो, मी जात नाही. जनाबाईला असं टाकून कसा जाऊ? रिपोर्ट वाईट आला तर तिला हॉस्पिटल, तिच्याजवळ कोणीतरी, इथे दवाखाना. ट्रस्टला मुदत मागतो. मुदत म्हणजे नकार, हे मला माहीत होतं.

इंदू म्हणाली, "मला नका सांगू. तिला सांगा."

२५ नोव्हेंबर

सांगितलं. जनाबाई सुया मोजत होती. मोजणी पुरी केली, मग म्हणाली.

"माझा तुकडा कंदीच ममईला गेलाय. तुमी त्याच्या मागनं जायाचं, की हितं बसून माझा तोंड बघायचा?"

मी म्हटलं, आणि वाईट निघालं तर?

"तर मना तिथं कोणीतरी वळखीचा लागंल का न्हाय?"



१ डिसेंबर, रविवार

वसंताकडून अजून काही नाही. रोज होडीची नि पोस्टाची वाट.

आज सकाळी ट्रस्टला होकाराचं पत्र लिहिलं. चार ओळींसाठी तीन वेळा कच्चं लिहून फाडलं. जनाबाई म्हणाली, उद्या पोस्ट उघडताच मी टाकून येईन, तुमी पुन्ना फाडाल.

मग तिला समोर बसवून वहीत शेवटची नोंद केली. नाव, जनाबाई. गाव, आगरदांडा. दात कशानं घासता? "मशेरी." किती वर्षं? "न्हाण आलं तवापासनं." दिवसातून किती वेळा? तिने मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. आता सोडलीत का? "सोडत्येय," म्हणाली, आणि बोट कुठे ठेवावं ते न कळल्यासारखा हात मांडीवर ठेवला.

निदानाचा रकाना कोरा सोडला. पेन्सिल त्या पानातच ठेवून वही ट्रंकेत सगळ्यात वर घातली, काढायला सोपी पडेल अशी.